गाडी घरी धुताय? आधी आटे पाहा!

खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडे घरातली एकही लोखंडी वस्तू सुटत नाही. विळी, अडकित्ता, खोरं, कुदळ, शिवणाचं मशीन, सगळं स्वच्छ करून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं आणि मग दारातल्या गाडीला झेंडूची माळ घालायची. पूर्वी अशी उठाठेव बेंदराला बैलांसाठी होत असे. बैल नदीवर न्यायचे, घासूनपुसून आणायचे. आता दारात बैलांच्या जागी चारचाकी उभी असते, शेजारी स्कूटी असते, आणि त्यांना नदीवर न्यायची गरजच उरलेली नाही. एक पेटी नळाला जोडायची, बंदुकीसारखी मूठ हातात धरायची, घोडा दाबला की पाण्याचा फवारा असा सुटतो की चिखल बघता बघता गळून पडतो. नाव प्रेशर वॉशर. आमच्या इस्लामपुरात सरळ ‘गाडी धुवायचं मशीन’ म्हणतात.

हे मशीन घरात येतं ते बहुधा पुरुषांच्या हौसेने. पहिल्या रविवारी सगळं घर अंगणात जमतं. दुसऱ्या रविवारी शेजारी बघायला येतात. तिसऱ्या रविवारी पाइप गुंडाळायचं काम तुमच्याकडे येतं आणि चौथ्या रविवारी गाडी धुण्याचंही! रागावून सांगत नाही, पण घरोघरी बघा, चित्र हेच दिसेल. मग जी वस्तू शेवटी आपल्याच हातात यायची, तिच्या खरेदीत आपण का नसावं?

आणि मैत्रिणींनो, या खरेदीत मशीनपेक्षा फसगत होते ती त्याच्या सुट्या भागांत. खोक्यावर मोठं चित्र असतं: पाच रंगांची नोझल, फेसाची बाटली, ब्रश, वाकडी नळी, कपलर, अमुक नग मोफत. घरी आणून बघावं तर निम्मे नग बसतच नाहीत. बसले तर गळतात. गळले नाहीत तर गाडीचा रंग उडवतात. पैसे जातात ते जातातच. पण चुकीचा भाग या दाबावर लावणं हे कुकरला दुसऱ्याच कुकरची शिट्टी बसवण्यासारखं आहे. बोटावर बेतू शकतं, ते कसं ते पुढे सांगतेच.

तेव्हा दुकानात पाऊल ठेवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. आपलं मशीन मिनिटाला किती लिटर पाणी टाकतं, आणि आपल्या गनला कोणते आटे आहेत. या दोन उत्तरांवर बाकी सगळं ठरतं.

दाब येतो कुठून?

अंगणात सडा मारताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडतं, हे आपण सगळ्याजणी लहानपणापासून करत आलो. पाणी तेवढंच, पण तोंड बारीक झालं की जोर वाढतो. या मशीनचं गुपित एवढंच आहे. आतला पंप छोट्या छोट्या दट्ट्यांनी दर मिनिटाला ठरावीक पाणी पुढे ढकलतो, घरगुती मशीनमध्ये साधारण ५ ते ८ लिटर. ते सगळं पाणी नोझलच्या जेमतेम मिलिमीटरभराच्या भोकातून बाहेर पडायला धडपडतं, आणि त्या धडपडीतून १०० ते १३० बार दाब तयार होतो.

बार म्हणजे किती, ते असं समजा. गच्चीवरची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असेल तर नळाशी १ बार दाब मिळतो. आपल्या बैठ्या घरांत टाकी तीन-चार मीटरवर असते, म्हणजे अर्धा बारसुद्धा नाही. १०० बार हवा असेल तर टाकी एक किलोमीटर उंच ठेवावी लागेल! एवढा जोर तुमच्या मुठीत येतो, हे ध्यानात असू द्या.

पंपाचं नाव निघालं की सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी आठवायचीच. १९१० साली लक्ष्मणरावांनी त्या माळावर कारखाना उभारला, १९२६ मध्ये तिथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, आणि १९३० साली त्याच वाडीतून ‘स्त्री’ मासिक निघालं. पंप आणि बायकांचं मासिक एकाच माळावर वाढले, तेव्हा ‘पंपातलं बायकांना काय कळतं’ असं कुणी म्हणालंच तर त्याला वाडीचा रस्ता दाखवा. तिकडे जर्मनीतही अशीच गंमत आहे. आल्फ्रेड केर्शर (दुकानात ‘कार्चर’ म्हणतात) यांनी १९५० साली गरम पाण्याचं उच्च दाबाचं धुण्याचं यंत्र काढलं. १९५९ मध्ये ते गेले, आणि त्यानंतर कंपनीचा कारभार त्यांच्या पत्नी आयरीन यांनी सांभाळला. घरात वापरता येईल असं छोटं, उचलून नेण्याजोगं मशीन त्या कंपनीने १९८४ साली बाजारात आणलं, ते त्यांच्याच काळात.

आधी पाणी आत कसं जाणार?

सगळ्यांचं लक्ष फवाऱ्याकडे. पाणी आत शिरतं त्या बाजूकडे कुणी बघत नाही, आणि निम्मी मशीनं तिथेच बिघडतात.

एक सोपी परीक्षा करा. जिथून मशीनला पाणी देणार त्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ लावा. दोन मिनिटांत भरली तर नळ मिनिटाला साडेसात लिटर देतो. लहान मशीनला पुरे. तीन-चार मिनिटं लागली तर मशीनची तहान भागणार नाही. पाण्याबरोबर हवा ओढली जाईल, मशीन थरथरेल, खडखडेल आणि आतली सीलं लवकर जातील. आपल्याकडे नळाला पाणी ठरावीक वेळी येतं आणि बाकी दिवस टाकीवर निघतो, त्यामुळे हा प्रश्न बहुतेक घरांत येतोच.

अशा घरांनी मशीन घेतानाच विचारायचं, ‘हे सेल्फ प्रायमिंग आहे का?’ म्हणजे बादलीतून, पिंपातून स्वतः पाणी ओढतं का? ओढत असेल तर पिंपात सोडायच्या नळीच्या टोकाला जाळी आणि पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह लागतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांना फूटव्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगायला नकोच. हा त्याचाच छोटा भाऊ. मशीनच्या तोंडाशीही एक बारीक जाळी असते. ती काढून टाकू नका. ‘जाळीमुळे पाणी कमी येतं’ म्हणून काढून फेकणारे महाभाग आहेत, मग टाकीच्या तळची वाळू थेट पंपात जाते. महिन्यातून एकदा जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवायची, झालं.

नळाला बसवायचा भाग नळाच्या आट्यांप्रमाणे घ्या. अर्धा इंची नळ की पाऊण इंची, ते बघून जा. बिनआट्याचा गुळगुळीत नळ असेल तर रबरी तोंडाचा जोड मिळतो, पण तो सुटतो. त्यापेक्षा आट्यांचा नळ बसवून घेणं शहाणपणाचं. नळी अर्ध्या इंचाची, जाड, आत दोऱ्यांचं विणकाम असलेली घ्यावी. पातळ पारदर्शक नळी मशीनच्या ओढीने चपटी होते. जोडावर सुतळी किंवा बांधायची तार नको, जुबली क्लिप लावा आणि पेचकसाने आवळा. नळाच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे घ्या. ही टेप मात्र फक्त याच बाजूला. दाबाच्या बाजूला ओ-रिंग पाणी अडवते; तिथे टेप गुंडाळली तर रिंग नीट बसत नाही, आणि टेपचे तुकडे सुटून नोझलमध्ये अडकतात.

गनचं तोंड

आता मुख्य घोळाकडे येऊ. मूठ, म्हणजे गन, आणि तिच्यापुढे लावायचे भाग. इथे तीन तऱ्हेचे जोड असतात.

पहिला आट्यांचा. बहुतेक मशीनवर ‘एम २२’ म्हणजे २२ मिलिमीटरचे आटे असतात. दुकानदार म्हणतो ‘एम २२ आहे ना, बसेल’. आटे बसतातही. पण आतली जी नळीसारखी पिन असते ती कुठे १४ मिलिमीटरची, कुठे १५ ची. १५ च्या भोकात १४ ची पिन गेली की आटे घट्ट बसूनसुद्धा पाणी चहूकडून फुसफुसतं. मग घरचे म्हणतात, ‘तू नीट आवळलं नाहीस.’ पान्याने आणखी आवळतात, आणि आटे मोडतात! एका मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. कंपासपेटीतल्या पट्टीवरही नीट कळत नाही. म्हणून आपली गन पिशवीत घालून दुकानात घेऊन जायची, ब्लाउजपीस मॅचिंगला साडी नेतो तशी. हार्डवेअरवाल्याकडे मापाचं व्हर्निअर असतं, त्याला मोजायला लावा.

दुसरा जोड ओढून बसवायचा, क्विक कनेक्ट. बाहेरचं कडं मागे ओढायचं, नोझल आत सारायचं, कडं सोडायचं, टक आवाज येतो. पंक्चरवाल्याच्या हवेच्या पाइपला असतं तसंच. रंगीत नोझलं याच जोडावर बसतात, बहुधा पाव इंची. मला विचाराल तर हाच सगळ्यात सोयीचा. ओल्या हातांनी, साबण लागलेल्या बोटांनी आटे फिरवत बसावं लागत नाही. तुमच्या गनला एम २२ आटे असतील तर त्याचं क्विक कनेक्ट करणारा पितळी जोड मिळतो. तो एकदा घेतला की पुढचं सगळं सामान एकाच मापाचं घेता येतं.

तिसरा जोड जुन्या बल्बच्या होल्डरसारखा: आत घालायचा, दाबायचा आणि फिरवायचा. हा प्रत्येक कंपनीचा आपापला असतो. एकीचा दुसरीला लागत नाही, दिसायला अगदी सारखे असले तरी. इथे कंपनीचंच सामान घ्या, नाहीतर त्याच मॉडेलचं नाव लिहिलेला जोड मागा.

जोड पितळी असावा. वरून सोनेरी दिसणारं सगळंच पितळ नसतं. चुंबक लावून पाहा. चिकटला तर आत लोखंड आहे, पावसाळ्यात गंजणारच. प्लॅस्टिकचा जोड पाण्याच्या आतल्या बाजूला चालतो. दाबाच्या बाजूला लावायचा असेल तर त्याच्यावर किती बार लिहिलंय ते वाचल्याशिवाय नाही.

रंगीबेरंगी नोझलं

आता पाच रंग. लाल म्हणजे ० अंश, पाणी सुईसारखं एकाच ठिकाणी. पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४०, आणि काळा साबणासाठी, कमी दाबाचा. मुलांच्या हाती पडू नये म्हणून लाल नोझल पहिल्याच दिवशी वेगळं काढून कपाटात वर ठेवा. त्याचा गाडीशी काही संबंध नाही. ते रंग उडवतं, रबर कापतं, आणि माणसाची कातडीही. गोल गोल फिरणारं ‘टर्बो’ नोझल फरशीवरचं शेवाळ काढायला उत्तम, गाडीला नको. टायरलाही नको.

गाडीसाठी पांढरं. चाकांच्या वरच्या पोकळीतला चिखल फारच घट्ट असेल तर हिरवं. एवढ्यात काम भागतं. अंतर किमान एक फूट ठेवा, पहिला फवारा आणखी लांबून मारा आणि मग हळूहळू जवळ या. जिथे रंगाचा टवका गेलाय, स्टिकर चिकटवलाय, काचेचं रबर आहे, तिथे तिरका मारा थांबवून दूर व्हा. रेडिएटरच्या पातळ पत्र्या वाकतात; बॉनेट उघडून आत फवारा मारायचा मोह टाळाच, तिथे वायरींचे जोड असतात.

नोझलवर रंगाबरोबर एक आकडाही कोरलेला असतो आणि तो कुणी वाचत नाही. समजा ‘४००३०’ लिहिलंय. पहिले दोन आकडे म्हणजे ४० अंश, उरलेले ०३० म्हणजे भोकाचं माप ३.०. मिनिटाला ६ लिटर आणि १०० बारच्या मशीनला साधारण २.५ चं माप लागतं, ८ लिटर आणि १३० बारच्या मशीनला ३.०. स्वस्तातल्या संचात पुष्कळदा मोठ्या पेट्रोल मशीनची ४.५ मापाची नोझलं असतात. ती ६ लिटरच्या मशीनला लावली तर १०० चा दाब ३५ वर उतरतो आणि आपण म्हणतो मशीन बिघडलं. उलट फार बारीक भोक लावलं तर पंप गुदमरतो. एक सांगून ठेवते, गाडीपुरतं बोलायचं तर थोडं मोठं भोक वाईट नाही. २.५ च्या जागी ३.० लावलं की त्याच मशीनचा दाब ७५-८० बारवर येतो, रंगाला ते मानवतं. फरशी धुवायला मूळचं लावा.

फेसाची बाटली

दुकानातून आणलेल्या सामानात खरं सुख देणारी वस्तू हीच. लिटरभराची बाटली, वर पितळी तोंड, आत बारीक जाळी. पाणी, साबण आणि हवा त्या जाळीतून जाताना दाट फेस होतो, दुधावरच्या सायीसारखा. तो गाडीवर तीन-चार मिनिटं राहू द्यायचा. मातीचे कण सुटे होतात, मग पाण्याने वाहून जातात. फडक्याने ओली माती चोळणं म्हणजे गाडीला पॉलिशपेपर मारणं. ते फेसामुळे टळतं.

घेताना बाटलीच्या तोंडाचा जोड आपल्या गनचा आहे ना, ते आधी. मग आतल्या भोकाचं माप. सर्वसाधारण बाटलीत १.२५ मिलिमीटरचं असतं. कमी पाण्याच्या छोट्या मशीनला १.१ चं घातलं तर फेस दाट येतो. हे भोक वेगळं सुटं मिळतं. ‘बाटली खराब निघाली’ म्हणून परत करण्याआधी ते बदलून बघा. पहिल्या महिन्यात दाट येणारा फेस पुढे पातळ झाला तर मात्र जाळी चोंदली आहे. ती चोंदते कारण काम झाल्यावर बाटलीत साध्या पाण्याचा एक हात मारायचा आपण विसरतो.

साबण गाडीचाच. कपड्यांची पावडर, भांड्यांचं लिक्विड गाडीवरचं मेणाचं पॉलिश काढून टाकतं. कपडे धुऊन उरलेलं साबणाचं पाणी वापरायची आपली काटकसर इथे उपयोगाची नाही. उन्हात तापलेल्या पत्र्यावर फेस टाकू नका, वाळतो आणि डाग पडतात. बोअरचं पाणी जड असेल तर पाण्याचेच पांढरे ठिपके राहतात; म्हणून शेवटचं पुसणं लगेच, मऊ मायक्रोफायबरच्या कापडाने.

संचातला ब्रश मात्र मी चाकांपलीकडे कुठे वापरू देणार नाही. त्याच्या केसांत एकदा वाळूचा कण अडकला की पुढची गाडी कोरून निघते.

चिखल, ऊस आणि खालची बाजू

आपल्या भागातली खरी घाण वर दिसत नाही, खाली असते. वाळवा तालुक्यातली काळी माती ओली असताना कणकेसारखी चिकटते आणि वाळली की दगड. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलं, किंवा कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून आलं, की चाकांच्या वर थरावर थर बसतात. तो थर ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. वॉशिंग सेंटरवाला गाडी रॅम्पवर चढवून खालून धुतो. घरी ते जमत नाही.

यासाठी दोन भाग मिळतात. एक, टोकाशी वळलेली वाकडी नळी, पाणी वरच्या दिशेने मारणारी. दोन, चाकं लावलेली पट्टी, तिच्यात तीन-चार नोझलं बसवलेली. ती गाडीखाली ढकलायची. पट्टी दिसायला छान आहे, पण पाणी तीन-चार तोंडांत वाटलं जातं, त्यामुळे ५-६ लिटरच्या मशीनवर तिचा जोर पडत नाही. छोट्या मशीनला वाकडी नळी घ्या. ती जवळजवळ झोपून वापरावी लागते आणि पाणी उलटं तोंडावर येतं, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवा, साधासुद्धा चालेल. गाडी जॅकवर उचलून खाली कुणी जायचं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरला तेव्हा नदीकाठच्या गावांत घरात गुडघाभर गाळ आणि अंगणात चिखलाने माखलेल्या गाड्या राहिल्या. अशा वेळी हे मशीन वरदान ठरतं खरं, पण भिजलेल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये ते लावणं म्हणजे जिवाशी खेळ. वायरमनने घर तपासल्याशिवाय वीज घ्यायचीच नाही.

नळी, आणि फवारणीचा पंप

मशीनपासून गनपर्यंतची नळी शक्यतो ८ मीटर तरी असावी. नळी आखूड असली की माणूस मशीन ओढत गाडीभोवती फिरतो आणि विजेची वायर पाण्यातून फरफटते. नळी लांब घ्या, वायर लांब करू नका. नळीवर बार छापलेले असतात. ते मशीनच्या दाबापेक्षा जास्त हवेत. फुगवटा आला, वरचं रबर चिरलं, आतली तार दिसू लागली, तर नळी टाकून द्यायची. एमसीलने चिकटवून, सायकलची ट्यूब गुंडाळून वापरायची नाही.

ज्यांच्या घरी द्राक्षं किंवा भाजीपाला आहे तिथे फवारणीचा एचटीपी पंप असतो. ‘हाच आहे की, वेगळं मशीन कशाला?’ हा प्रश्न घरात निघणारच. गाडी धुता येते, नाही असं नाही. पण त्या नळीतून वर्षभर औषधं गेलेली असतात. रबर ते शोषून घेतं आणि चार वेळा पाणी सोडून ते पूर्ण जात नाही. तणनाशकाचा अंश तुळशीला आणि गुलाबांना पुरतो, आणि अंगणात मुलं उघड्या पायाने खेळतात. पंप वापरायचाच असेल तर नळी आणि गन घरासाठी वेगळी ठेवा. उलट त्या पंपाची नळी या मशीनला कधीच लावू नका. तिचा दाब वेगळा, आटे वेगळे.

हे मात्र मन लावून वाचा

बोटाचं म्हटलं होतं, ते हे. या दाबाचं पाणी जवळून लागलं तर कातडी भेदून आत शिरतं. बाहेर टाचणीने टोचल्याएवढं भोक, रक्त थेंबभर, दुखतंही थोडंच. आत मात्र पाणी, साबण आणि घाण बोटाच्या पेशींमध्ये पसरते, सूज चढते, रक्तपुरवठा अडतो, आणि काही तासांत बोट वाचवणं अवघड होतं. तेव्हा हळद लावून, पट्टी बांधून ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं आणि स्पष्ट सांगायचं, ‘हाय प्रेशरच्या मशीनचं पाणी आत गेलंय.’ नुसतं ‘टोचलं’ म्हणालात तर धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन परत याल.

असं होतं कधी? गळणारा जोड बोटाने दाबून बघताना. नोझल चोंदलं म्हणून तोंडाशी बोट नेताना. पायावरचा चिखल गनने धुताना. हे तर सर्रास बघायला मिळतं. म्हणून नोझल बदलायचं तर आधी मशीन बंद, नळ बंद, आणि घोडा दाबून नळीत अडकलेला दाब सोडून द्यायचा. मगच हात लावायचा. मध्ये दार वाजलं, दूध उतू गेलं, तर गनचं कुलूप लावून खाली ठेवा. घोडा सोडून मशीन तसंच चालू ठेवणंही बरं नाही. काही मशीनं आपोआप थांबतात. थांबत नसेल तर मिनिटभराच्या वर तसं चालू देऊ नका, आतलं पाणी तापून सीलं जातात.

विजेचंही सांगते. १५०० ते १८०० वॉटचं मशीन ७-८ अँपिअर घेतं. दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर ते लावायचं नाही. १६ अँपिअरचं मोठं सॉकेट, चालू अर्थिंग, आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी. यातलं काही नसेल तर मशीन घेण्याआधी वायरमनला बोलवा. पायात रबरी बंद बूट घाला. साडीचा पदर खोचून, काठ वर घेऊन कामाला लागा, किंवा त्या तासापुरता पंजाबी ड्रेसच बरा.

स्कूटीसाठी दोन शब्द. ती धुताना पांढरं नोझल आणि अंतर दुप्पट. हँडलवरची बटणं, सायलेन्सरचं तोंड, चाकाच्या मधला बेअरिंगचा भाग, यांवर थेट फवारा नको; ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात कुरकुर सुरू होते. विजेवरची स्कूटी असेल तर चार्जिंगच्या तोंडाकडे फवारा फिरकूच देऊ नका. तिला खरं तर बादली आणि फडकंच चांगलं.

घ्यावंच का?

पाण्याचा हिशेब मांडू. उघड्या नळीने मिनिटाला १५ लिटर जातात. पाव तासात सव्वादोनशे. मशीनने घोडा दाबलेला वेळ दहा मिनिटं धरला तर ६० ते ७० लिटर. बादलीने धुतलं तर तीन बादल्या, ४५ लिटर. म्हणजे बादलीला अजून कुणी हरवलेलं नाही! फ्लॅटमध्ये राहत असाल, गाडी महिन्यातून दोनदा गावाबाहेर जात असेल, तर मशीन घेऊ नका; पावसाळ्यात दोन-तीनदा वॉशिंग सेंटरला गेलात तरी पुरे. ज्यांच्या घरी शेत आहे, दोन-तीन वाहनं आहेत, मोठं अंगण आणि गच्ची आहे, त्यांनी जरूर घ्यावं.

आणि घेताना दुकानदार तुमच्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या ‘साहेबांना’ माहिती सांगू लागला तर शांतपणे पिशवीतून गन काढून काउंटरवर ठेवा आणि विचारा, ‘पिन चौदाची की पंधराची?’ पुढचं संभाषण तुमच्याशीच होईल. यादी छोटी असू द्या: पांढरं आणि हिरवं नोझल आपल्या मापाचं, फेसाची बाटली, वाकडी नळी, एक पितळी क्विक कनेक्ट जोड, आणि ओ-रिंगचं एक पाकीट. पाकीट विसरू नका. दहा रुपयांच्या रिंगेसाठी रविवारचं काम अडतं, आणि रविवारी नेमकं दुकान बंद असतं.

काम झाल्यावर नळीतलं पाणी सोडून द्या, ओ-रिंगांना वर्षातून दोनदा सिलिकॉनचं ग्रीस लावा. खोबरेल तेल नको, त्याने रबर बिघडतं. नोझलं कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून डबी मशीनच्या हँडललाच बांधून ठेवली तर शोधाशोध होत नाही. नळी मोठे वेढे घेऊन गुंडाळा, दुमडू नका, आणि जमिनीवर न ठेवता खुंटीला उंच टांगा. उसाची तोड सुरू झाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि रबर त्यांना फार आवडतं.